निजेचं बोट

आमच्या ओसरीवर एक फोटो टांगलेला आहे. तमिळ वर्तमानपत्रातून कापून काचेत बसवलेला. कावेरीचा बांध, कमरेला पांढरी वेष्टी, अंगात खादीचा जिब्बा, खांद्यावर पंचा, काखेत छत्री, आणि शेजारी मान वर करून मालकाकडे बघणारा एक कुत्रा. मालक म्हणजे माझे यजमान. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी घरी येणारा पाहुणा फोटोपुढे थांबतो आणि म्हणतो, "काय हो त्या मुक्या जनावराची निष्ठा!" तेवढ्यात मी कॉफी आणायला आत जाते. तो कुत्रा कशाकडे बघतो आहे ते मला माहीत आहे. आल्या पाहुण्याला ते सांगून त्याची कॉफी कडू कशाला करा?

पण लिहायला हरकत नाही. माझ्या वडिलांनी हट्टानं मला बाळबोध अक्षरं शिकवली. सासरी ती कोणालाच येत नाहीत. आम्ही तंजावरचे मराठी लोक घरात मराठी बोलतो, भांडतो, शिव्याही देतो, पण वाचतो ते तमिळ नाहीतर इंग्रजी. तेव्हा हे कागद मी ओसरीवर उघडे टाकले तरी माझ्या सासरची अब्रू शाबूत राहील. खरं सांगायला इतकी सुरक्षित भाषा दुसरी मिळणार नाही.

आमच्याकडे तान्ह्या मुलाला गुटी देत, जशी सगळीकडेच देतात. सहाणेवर आईचं दूध घालायचं, त्यात वेखंडाचा वेढा, जायफळाचा वेढा, हिरडा, सुंठ, मायफळ, आणि ते उगाळलेलं बोटानं चाटवायचं. मूल फार किरकिरं असलं तर शेवटी एक काळी गोळी सहाणेला नुसती टेकवायची. त्या गोळीचं नाव घ्यायचं नाही. तिला 'निजेचं' म्हणायचं. "निजेचं बोट दिलं का?" असं एक बाई दुसरीला विचारी, आणि मूल दुपारभर शहाण्यासारखं पडून राही. ती अफू होती. काष्ठौषधींच्या दुकानात उघड मिळायची. पुढे सरकारनं बंदी आणली तेव्हा त्याच दुकानात मागच्या दारानं मिळायला लागली.

आमचा पहिला मुलगा पाचव्या महिन्यात होता तेव्हाची गोष्ट. एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. सासऱ्यांचं श्राद्ध होतं. श्राद्धाचा स्वयंपाक करणारीनं बोलायचं नाही, थुंकीचा कण अन्नात उडाला तर पितर पान सोडून उठतात, हे सगळेच पाळतात. आमचं घराणं एक पाऊल पुढे. आमच्याकडे सोवळ्यातली कोणतीही बाई पिंड पडेपर्यंत तोंड उघडत नसे. सासूबाई, कुंभकोणमहून आलेल्या माझ्या थोरल्या नणंदबाई आणि मी, तिघी सकाळपासून मुक्या. मी चुलीपाशी. मुलाला मधल्या खोलीत घोंगडीवर उघडाच निजवला होता, कारण अंगात कपडा नसलेल्या मुलाला ओवळं नसतं, कोणीही शिवावं. श्राद्धाच्या दिवशी घरात मूल रडलं तर पितर जेवत नाहीत असंही एक आहे. आमच्या पितरांना पुष्कळ गोष्टी चालत नाहीत.

मुलगा किरकिरला. नणंदबाईंनी निजेचं बोट चाटवलं आणि त्या फुलं निवडायला ओसरीवर गेल्या. ते पोटात उतरायच्या आत तो आणखी थोडा किरकिरला, तेव्हा सासूबाईंनी सहाण घेतली. एकीनं दुसरीला विचारायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. दोघींनी नियम पाळला; दोन बोटं झाली हे मी मागाहून जुळवलं. रडणं थांबलं, आणि मी वडे तळत राहिले.

ब्राह्मण जेवून उठले, मग मी त्याला पाजायला घेतलं. ओठ जांभळाच्या सालीसारखे झाले होते आणि तोंड स्तनाला लागत नव्हतं. यजमान जानवं उजव्या खांद्यावर तसंच ठेवून त्याला घेऊन धावले, मी मागून. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं मुलाची पापणी अंगठ्यानं वर केली. बुबुळातला काळा ठिपका मोहरीएवढा झाला होता. "अफू कोणी दिली?" त्यानं तमिळमध्ये विचारलं. यजमानांनी जानवं डाव्या खांद्यावर सारखं केलं. डॉक्टर म्हणाला, भाताच्या लावणीच्या दिवसांत अशी मुलं खेड्यांतून येतात, तुमच्यासारख्या शिकलेल्या घरातून येत नाहीत. संध्याकाळच्या आत मुलगा गेला.

घरी सासूबाई म्हणाल्या, "पितरांनीं नेला. त्यांस आवडला, त्यांनीं नेला." सहाण धुऊन फळीवर परत गेली. नणंदबाई दुसऱ्या दिवशी न जेवता बसनं निघून गेल्या. कोणी कोणाला काही विचारलं नाही. तोंड उघडायला आता हरकत नव्हती, तरीही. मला काय वाटत होतं ते मऊ करून सांगत नाही: सासूला विहिरीत ढकलावं आणि वर पाटा टाकावा असं वाटत होतं.

यजमान चालायला लागले.

ते शाळेत विज्ञान शिकवत. डॉक्टरचं ते लावणीचं वाक्य त्यांनी उराशी धरलं. भाताची लावणी करणाऱ्या बाया बांधावरच्या झाडाला झोळी बांधतात, मुलाला अफू चाटवतात आणि दिवसभर चिखलात वाकतात. त्या बायांना सांगायला हवं, असं त्यांनी ठरवलं. दर शनिवारी पहाटे निघायचे, रविवारी संध्याकाळी पाय सुजवून परत यायचे. तिरुवैयारूच्या रस्त्यानं चार नद्यांचे पूल ओलांडून पाचवी कावेरी, तिथून बांधाबांधानं आत खेड्यांत. सायकल नको, बस नको. त्या काळी चालणाऱ्या माणसाला मान होता. कोणी जमिनीसाठी चालत होतं, कोणी दारूबंदीसाठी. माझा नवरा अफूसाठी चालत होता.

आधी त्यांचं कोणी ऐकेना. जिब्बा घातलेला पुरुष येऊन मूल कसं निजवावं ते सांगतो, म्हणून बाया पदर तोंडाला लावून हसत. मग त्यांना तो कुत्रा भेटला. पिवळट रंगाचा, एक कान अर्धा तुटलेला, आमच्याच गल्लीतला. त्यांच्या डब्यातल्या दहीभाताच्या वासानं एका शनिवारी मागे लागला आणि मागेच राहिला. त्याला नाव नव्हतं. 'नाय्' म्हणत, म्हणजे तमिळमध्ये कुत्राच. एका खेड्यात यजमान केळीच्या पानावर अफूची गोळी ठेवून बायांना दाखवत होते, तेवढ्यात त्यानं ती खाण्याचं काही समजून गट्ट केली. थोड्या वेळानं ओकला, मग त्याचे मागचे पाय गेले, मग आडवा झाला. हसणाऱ्या बाया गोल करून उभ्या राहिल्या. पहिल्यांदा त्यांचं कोणी ऐकलं.

"अगें, प्रयोग!" घरी येऊन ते मला म्हणाले. "नुसतें बोलून काय होणार? दाखवालाच हवें." मुलगा गेल्यापासून त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदा उजेड पाहिला.

एकदा मीही गेले. माहेर तिरुवैयारूचंच, तेव्हा माहेरी जाते सांगून पुढे त्यांच्याबरोबर गेले. कालव्याकाठी चिंचेच्या झाडाखाली बाया जमल्या होत्या, गुडघ्यापर्यंत चिखलाच्या. यजमानांनी जिब्ब्याच्या खिशातून पुडी काढली, दहीभाताच्या घासात गोळी घातली. कुत्र्यानं खाल्ली. ते बोलत होते तोवर तो ओकला, डुलला, आडवा झाला. मग त्यांनी खाली बसून त्याची पापणी अंगठ्यानं वर केली आणि एकेका बाईला जवळ बोलावलं. "बघ. बुबुळ बघ. मोहरीएवढं झालं आहे. हा एवढा मोठा कुत्रा. तुझं मूल केवढं?" तमिळ इतकं स्वच्छ बोलत होते, आवाज इतका ठाम, की मला हा माणूस ओळखू येईना. एका पोरसवदा आईनं धावत जाऊन झोळीतलं मूल गदागदा हलवलं. ते भोकाड पसरून रडलं तेव्हा सगळ्याजणी हसल्या, आणि तिनं कमरेची चिंधी सोडून आपली गोळी कालव्यात फेकली.

मला नवऱ्याचा अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. आणि परत येताना कुडमुरुट्टी नदीच्या पुलावर त्याच अभिमानाचा राग झाला.

"हें आईंना कधीं दाखवणार?" मी विचारलं.

"ती म्हातारी झाली गे. तिला लागेल."

"आणि तुमच्या मुलाला जें लागलें तें?"

त्यांनी पावलं भरभर टाकली. कुत्रा लटपटत आमच्या मागून येत होता, आणि त्याच्यासाठी मात्र ते मधून मधून थांबत होते.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्या वडिलांची आवडती. ते बिचारे जावयाला उद्देशून कधी म्हणाले नाहीत. ती उणीव मी भरून काढली. पण टोमण्यांनी माणूस बदलतो असं मला कोणी सांगितलं तर मी त्याला माझ्या संसाराचा दाखला देईन. गावोगाव त्यांना 'नाय्-वाद्यार' म्हणू लागले, कुत्रेवाले मास्तर. उन्हाळ्याच्या सुटीत ते आणि कुत्रा मायावरमवरून थेट कावेरी समुद्राला मिळते तिथपर्यंत चालत गेले. तो फोटो त्या वेळचा. हार घालून परत आले. सासूबाईंनी दृष्ट काढली आणि शेजारणींना सांगितलं, "माझा मुलगा त्या शेतांतल्या बायांस सुधारालागला. पशूसारख्या त्या, पोरांस अफू घालतात." हे सांगत असताना त्यांच्या मागच्या फळीवर सहाण होती आणि सहाणेशेजारी पत्र्याची डबी. त्यांच्या मनात यात काही विसंगत नव्हतं. त्या बायांची ती अफू होती. आमचं ते औषध होतं, जायफळ घातलेलं.

मग मला मुलगी झाली, माहेरी. पाचव्या महिन्यात सासरी पाठवायचं. यजमान न्यायला आले तेव्हा मी अट घातली. "आधीं घरीं जाऊन आईंना सांगा. डबी फेकून द्या. मग मला न्या." ते म्हणाले, सांगतो. देवाच्या समईवर हात ठेवून म्हणाले. मी आणखी पंधरवडा राहिले आणि मग गेले. आत शिरल्याबरोबर आधी फळीकडे बघितलं. सहाण जागच्या जागी. डबी जागच्या जागी.

"सांगितलेंत?"

"योग आला नाही," ते म्हणाले.

माणूस समुद्रापर्यंत चालत गेला, त्याला ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत जायला योग लागत होता.

दिवसभर मुलगी माझ्या अंगाला. न्हायला गेले तरी तिला घोंगडीवर दारात ठेवून न्हायची. सासूबाई म्हणत, "आमच्या हातांस काय कुष्ठ झाला कां?" मी मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेई. डबीतली गोळी मी एकदा शेणाच्या खड्ड्यात टाकली. चार दिवसांत दूधवालीच्या हातून दुसरी आली, पहिलीपेक्षा मोठी.

याच दिवसांत मला मागच्या दारातून कुत्र्याकडे बघायला वेळ मिळाला. शनिवार-रविवार तो बरा असे. सोमवारी जांभया देई. मंगळवारपासून नाक गळायचं, डोळे गळायचे, अंगाला कापरं. गुरुवार-शुक्रवार तो आमच्या मागच्या दाराला पंजे घाशी आणि असा केविलवाणा कण्हे की शेजारीण म्हणे, "बघ गे, मास्तरांची वाट कशी पाहतो! माणसांस नाहीं इतकी माया." शनिवारी यजमान जिब्बा घालून बाहेर आले की तो उड्या मारी. मी नीट पाहिलं. तो त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हता, हाताकडेही नाही. त्याची नजर जिब्ब्याच्या उजव्या खिशावर होती, जिथं पुडी असायची. फोटोतही तो तिथंच बघतो आहे. एकदा कळल्यावर दुसरं काही दिसत नाही.

एका रविवारी यजमान परत आले आणि पाय न धुता ओट्यावर बसले.

"आज कुत्रा निजला नाहीं," ते म्हणाले.

"मग?"

"सगळ्याजणी वाट पाहत उभ्या. तो शेपूट हालवत उभा. एक म्हातारी म्हणाली, वाद्यारे, एवढी खाऊन कुत्र्याला काही होत नाही, आणि तुम्ही आम्हाला उगीच भिववलंत. सगळ्या हसल्या. त्या चिंचेखालच्याच बाया."

"मग तुम्हीं काय केलें?"

"गोळी वाढवली."

"निजला?"

"निजला. पण तोंवर त्या लावणीला गेल्या होत्या."

मला हसू आलं आणि ते मी आवरलं नाही. मग मला त्यांनी विज्ञान शिकवलं: शरीराला सवय होते, रोजचं विष रोज पचत जातं, सवयीच्या कुत्र्याला जे चालतं ते कोवळ्या मुलाला चालत नाही. छान समजावलं. मी विचारलं, "हें तेथें सांगितलेंत कां?" ते म्हणाले, "त्यांस कळणार नाहीं." म्हणजे हा माणूस आठवड्याला दोन दिवस पाय झिजवून, स्वतः जे पेरलं होतं तेच उपटत फिरत होता, आणि थांबायला तयार नव्हता. कुत्र्याला नेऊ नका म्हटलं तर म्हणाले, कुत्र्याशिवाय कोणी जमत नाही.

आणि श्राद्ध जवळ आलं.

मी माझ्यापरीनं सगळं करून पाहिलं. मुलीला त्या दिवसापुरती माहेरी ठेवते म्हटलं. आजोबांच्या दिवशी नात घरात हवी, असं उत्तर आलं. मी स्वयंपाक करत नाही म्हटलं. घरात दुसरी सून नव्हती. शेवटी आदल्या दिवशी यजमानांपुढे अक्षरशः हात जोडले. "एक वाक्य. फक्त एक वाक्य तुमच्या आईला सांगा. मराठींत सांगा, तमिळांत सांगा, इंग्रजींत लिहून द्या. उद्यां माझें तोंड बंद आणि मूल त्यांच्या हातांत." ते म्हणाले, "सांगतों, सकाळीं सांगतों." सकाळी ते आंघोळ करून भटजींसमोर दर्भाच्या आसनावर बसले ते बसलेच.

तीच चूल, तेच वडे, तेच मौन. नणंदबाई आल्या होत्या; त्या घटनेनंतर पहिल्यांदाच. मुलगी मधल्या खोलीत घोंगडीवर उघडी. स्वयंपाकघराच्या दारातून मला तिचे पाय दिसतील अशी मी चुलीपाशी बसले होते. मागचं दार उघडं होतं आणि उंबऱ्याबाहेर कुत्रा. तो दिवस गुरुवारचा, त्याच्या वाईट दिवसांपैकी. तो थरथरत उभा होता.

मुलगी रडायला लागली. आधी बारीक, मग घसा मोकळा करून. यजमान तिकडे तिळोदक सोडत होते. त्यांची पाठ मला दिसत होती. रडं वाढलं तशी ती पाठ जराशी आखडली. नणंदबाई जागच्या हलल्या नाहीत, दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून भिंतीला टेकून बसल्या. सासूबाई उठल्या. फळीवरून सहाण घेतली, डबी घेतली, सकाळीच काढून ठेवलेलं माझं घोटभर दूध घेतलं. वेखंड, जायफळ, आणि शेवटी ती गोळी. टेकवली नाही. उगाळली. मूल फार रडत होतं ना.

बोट भरून त्या मुलीकडे वाकल्या तेव्हा मी ओरडले.

"नकों!"

भटजींचा मंत्र तुटला. घरात असा शब्द त्या दिवशी कधी उच्चारला गेला नव्हता. मी चुलीवरून उठून गेले आणि सासूबाईंचं मनगट धरलं, पिठाच्या हातानं.

"मडी मोडलीस!" त्या म्हणाल्या; मडी म्हणजे आमचं सोवळं. "रांधलेलें सगळें बाटवलेंस! पितर दारांत उभे असतां!"

"तुम्हीं सांगा," मी यजमानांना म्हणाले. मनगट सोडलं नाही. "आतां सांगा. बोला."

त्यांनी मान वळवली. अनामिकेत दर्भाचं पवित्र, ओंजळीत तीळ. तोंड उघडलं. मी त्या तोंडाकडे असं बघत होते जसं तो कुत्रा खिशाकडे बघायचा. पण आधी सासूबाईच बोलल्या.

"काय सांगणार तो? तो पाहा दारांत." त्यांनी भरल्या बोटानं कुत्रा दाखवला. "दर शनवारीं तुझा नवरा त्यास वाटाण्याएवढी घालतो. मला काय दिसत नाहीं? मेला कां तो? उभा आहे शेपूट हालवत. मी तर नातीस बोटभर देतें. कुत्र्यास न बाधे तें मुलीस बाधेल?"

सगळ्यांनी कुत्र्याकडे पाहिलं. भटजींनीसुद्धा. कुत्रा बोटाकडे बघत होता आणि खरोखरच शेपूट हलवत होता.

सवयीचं ते सगळं विज्ञान यजमानांना येत होतं. ओट्यावर बसून मला समजावलं होतं. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग भटजींकडे वळून म्हणाले, "पुढें चालवा."

मग मी सासूबाईंचं बोट तोंडात घेतलं आणि चाटलं. कडू, आणि त्याच्यामागे माझ्याच दुधाचा गोडसर वास. श्राद्धाच्या दिवशी, सोवळ्यात, सासूचं बोट उष्टं केलं. माझ्या आधी आमच्या घराण्यात हे कोणी केलं नसेल. एका बोटानं मला काही होणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून दुसऱ्या हातानं डबीतली उरलेली गोळी उचलली, तीच वाटाण्याएवढी, आणि गिळली.

"बाधत नाहीं ना?" मी म्हणाले. "मग असूं दे."

मरायचं नव्हतं मला. माझी मुलगी समोर पडलेली होती, मी कशाला मरू? पण त्या घरात बोलून काही होत नव्हतं, आणि दाखवायला दुसरं काही माझ्यापाशी नव्हतं. नणंदबाईंकडे वळून मी सांगितलं, "अक्का, आज हिला माझें दूध देऊं नका. गाईचें द्या, पाणी घालून. आणि रडूं द्या." नणंदबाईंनी पदरातून हात बाहेर काढले. मुलीला उचललं, छातीशी धरलं, आणि इतक्या मोठ्यानं रडायला लागल्या की मुलगी क्षणभर दचकून गप्प झाली.

सहाण खाली पडली होती. कुत्रा उंबरा ओलांडून आत आला, सोवळ्याच्या घरात, पितरांच्या पानांजवळून, आणि सहाण चाटून स्वच्छ केली. त्याला कोणी हाकललं नाही.

मी भिंतीला टेकून बसले. आधी नाक खाजायला लागलं. मग पोटातून ऊब वर आली, पाय कोणा दुसरीचे झाले, आणि घरातले आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखे यायला लागले. एक लाजिरवाणी गोष्ट सांगते: बरं वाटलं. मुलगा गेल्यापासून प्रथमच कुठं काही दुखत नव्हतं. माझ्या मुलाला शेवटी असंच वाटलं असेल तर बरं, असं मनात आलं आणि मी आडवी झाले.

तेवढ्यात कोणीतरी माझ्याशेजारी बसलं. दर्भाचं पवित्र गालाला टोचलं. एका अंगठ्यानं माझी पापणी वर केली. वासे दिसले, धूर दिसला, आणि मग यजमानांचा चेहरा, अगदी जवळ, माझ्याकडे नाही, माझ्या डोळ्यात बघणारा.

"आई, इकडे ये," ते म्हणाले. "पाहा. बुबुळ पाहा. मोहरीएवढें झालें. ही एवढी बाई. बाळाचेंहि असेंच झालें होतें. बाळ केवढा होता, आई?"

तोच आवाज. कालव्याकाठचा, स्वच्छ, ठाम, एक शब्द अडखळला नाही. सवय काय असते, कुत्र्याला का बाधत नाही, श्वास कसा मंदावतो, ओठ कधी निळे होतात, दोन बोटं कोणाकोणाची होती, सगळं त्यांनी आपल्या आईला सांगितलं. इतकी वर्षं मी ज्या एका वाक्यासाठी हात जोडले, त्याची त्या दिवशी शंभर वाक्यं झाली. त्यांना फक्त प्रयोग हवा होता, आणि तो समोर तयार पडला होता. सासूबाई रडल्या की नाही मला माहीत नाही. मला फक्त समोरचं दिसत होतं, कारण पापणी अजून त्यांच्या अंगठ्याखाली होती, आणि सांगून झालं तरी ती सोडायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

मधल्या खोलीत मुलगी रडत होती, घसा फोडून, दुपारभर, आणि तिला कोणी गप्प करत नव्हतं.